रेलाल तशी सोबत येणारी खुर्ची

ऑफिसच्या खुर्चीत मागे रेललं की खोचलेला शर्ट पँटमधून वर ओढला जातो, परत सरळ बसलं की तो कमरेवर गोळा होतो आणि मग दिवसभर तो खोचत बसावं लागतं. बहुतेक लोक याचा दोष शर्टाला देतात, नाहीतर सुटलेल्या पोटाला. पण दोष खुर्चीचा असतो. आपण रेलतो तेव्हा आपलं धड खुब्याच्या सांध्यापाशी वळतं आणि हा सांधा सीटच्या थोडा वर, पाठीच्या थोडा पुढे असतो. साध्या खुर्चीची पाठ मात्र सीटच्या खाली मागच्या बाजूला बसवलेल्या बिजागरीवर फिरते. दोघं वेगवेगळ्या ठिकाणाहून वळतात, त्यामुळे रेलताना आपली पाठ खाली जाते आणि खुर्चीची पाठ आपल्या मानाने वर सरकते, शर्ट सोबत घेऊन. शर्टाचं एक वेळ सोडा, पण कमरेच्या आधारासाठी खुर्चीला जो उंचवटा दिलेला असतो तोही वर सरकतो आणि बरगड्यांपाशी जाऊन टोचायला लागतो, म्हणजे जेव्हा अंग सैल सोडायचं तेव्हाच कंबर अधांतरी.

खुर्च्या डिझाइन करणाऱ्या लोकांनी गेली पन्नासेक वर्षं मुख्यतः याच प्रश्नावर डोकं चालवलंय, की माणूस तर हलणारच, मग आधार त्याची पाठ न सोडता त्याच्यासोबत कसा हलवायचा. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे शाळेपासून "ताठ बस, हलू नकोस" हेच चांगल्या बसण्याचं माप आहे आणि शरीराला ते मानवत नाही.

का मानवत नाही, तर मणक्यांमधल्या गाद्या बघा. डॉक्टर "गादी सरकली" म्हणतात ना, तीच. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतपर्यंत रक्तवाहिन्या पोचतच नाहीत, तिला लागणारी साखर आणि ऑक्सिजन वरच्या-खालच्या मणक्यांमधून झिरपत झिरपत येतात. दाब राहिला की गादीतलं पाणी हळूहळू बाहेर जातं, आडवं झालं की परत आत येतं, आणि म्हणूनच सकाळी उठल्यावर आपली उंची आदल्या रात्रीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते. म्हणजे गादीला दाबाची भीती नाही, तिला दाबाचा चढ-उतार हवा असतो. स्नायूंचंही काहीसं असंच आहे, जो स्नायू हलका का होईना पण सतत आकसलेला राहतो त्याच्यातलं रक्त नीट फिरत नाही, आणि तासभर ताठ बसल्यावर कंबर भरून येते त्यात याचा मोठा वाटा असतो.

गादीवर दाब नेमका किती पडतो हे लोकांनी प्रत्यक्ष मोजलंय. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेतल्या गादीत सुई घालून दाब मोजला, आणि उभं राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसण्यात तो साधारण ४० टक्के जास्त निघाला. बसणं म्हणजे कमरेचं वाटोळं हे जे सगळीकडे ऐकू येतं त्याचं मूळ बऱ्याच अंशी या आकड्यात आहे. पुढे जर्मनीत उल्म इथल्या टीमने हाच प्रयोग नव्या साधनांनी केला आणि १९९९ मध्ये छापला. ४५ वर्षांचा, ७० किलो वजनाचा एकच निरोगी माणूस, त्याच्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीत बारीकसा सेन्सर बसवला आणि जवळपास २४ तास त्याला झोपवलं, उठवलं, बसवलं, चालवलं, ओझं उचलायला लावलं. आडवं पडल्यावर दाब ०.१ मेगापास्कल (हे दाब मोजायचं एकक), उभं राहिल्यावर ०.५, आधार न घेता बसल्यावर ०.४६, म्हणजे नाकेमसन यांच्या उलट उभं राहण्यापेक्षा थोडा कमीच, आणि खुर्चीत आरामात पाठ टेकून पसरल्यावर फक्त ०.३ च्या आसपास. बसून पूर्ण पुढे वाकलं की मात्र ०.८३! माणूस एकच होता हे ध्यानात ठेवलंच पाहिजे, पण पाठ टेकून रेलल्यावर गादीवरचा भार उतरतो हे नाकेमसन यांच्या मोजमापातही दिसलं होतं. ज्याला आपण आळशासारखं बसणं म्हणून हटकतो त्यात गादीला आराम मिळतो, फक्त मागे भक्कम टेका हवा.

आणि कोन? अमेरिकेत नेब्रास्काचे सर्जन जे. जे. कीगन यांनी लोकांना कुशीवर झोपवून, मांड्या वेगवेगळ्या कोनात ठेवून कमरेचे एक्स-रे काढले आणि १९५३ मध्ये मांडलं की मांडी आणि धड यांच्यात साधारण १३५ अंशांचा कोन असताना कंबर आपल्या स्वाभाविक बाकात असते. काटकोनात बसलं की मांडीचे मागचे स्नायू ताणले जातात, ते कटीचं हाड मागे फिरवतात आणि कमरेचा आतला बाक सपाट होतो. म्हणजे पुस्तकातल्या चित्रात दाखवतात ते ९० अंशांचं बसणं दिसायला नीटनेटकं आहे, कमरेसाठी तसं नाही.

मग सगळ्या खुर्च्या १३५ अंशांवरच का करत नाहीत, तर नुसतीच पाठ मागे पाडली की माणूस पुढे घसरतो. टेका तुम्हाला पुढे ढकलतो, सीट आडवीच असते, त्यामुळे हळूहळू ढुंगण पुढे, पाठ वाकडी आणि मान बाहेर. यावरचा उपाय म्हणजे सिंक्रो टिल्ट. यात पाठ आणि सीट एका यंत्रणेने जोडलेले असतात, पाठ साधारण दोन अंश मागे गेली की सीट एक अंश मागे झुकते. सीटची मागची बाजू खाली गेल्यामुळे माणूस घसरत नाही, पुढची कड फार वर न उठल्यामुळे पाय जमिनीवर टेकलेले राहतात आणि मांडी-धडातला कोन तरीही उघडतो. खुर्चीच्या पोटाखाली जो काळा लोखंडी डबा असतो ना, त्याच्यात हे सगळं चाललेलं असतं. स्वस्त खुर्च्यांमध्ये बऱ्याचदा त्या जागी नुसती एक स्प्रिंग असते आणि सगळी खुर्चीच एका तुकड्यात मागे कलते, कोन जिथल्या तिथे.

या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात जास्त भावते ती बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या दोन अमेरिकन डिझायनरांची गोष्ट. स्टम्फ यांनी १९६० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात हाडांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांसोबत बसण्याचा अभ्यास केला, ठरावीक वेळाने लोकांचे फोटो काढून माणूस खुर्चीत किती चुळबुळ करतो ते बघितलं, आणि त्यातून १९७६ मध्ये हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीची एर्गॉन खुर्ची आली. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी या दोघांना म्हाताऱ्या लोकांसाठी फर्निचर करायचं काम मिळालं. ते दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत गेले आणि त्यांना दिसलं की आजी-आजोबा जाड फोमच्या गुबगुबीत रिक्लायनरमध्ये तासन् तास बसून असतात, फोममुळे अंगातली उष्णता आणि घाम कोंडतो, आणि एकाच जागी दाब राहून कातडी दुखावते, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होतात तशा जखमांचा धोका. म्हाताऱ्यांची ती खुर्ची बाजारात आलीच नाही, विकायची कुठे हेच कंपनीला कळेना. पण त्यातलं शिकलेलं त्यांनी ऑफिसच्या खुर्चीत आणलं, फोम पूर्ण काढून टाकला, नुसती ताणलेली जाळी लावली आणि १९९४ मध्ये एरॉन नावाची खुर्ची आली. आज कुठल्याही आयटी कंपनीत जाळीची खुर्ची दिसते, तिचा वंश बऱ्याच अंशी इथून सुरू होतो.

जाळीचं काम सुतळीच्या बाजेसारखं आहे, जिथे वजन जास्त तिथे ती जास्त दबते आणि भार आपोआप आजूबाजूला वाटला जातो. पातळ किंवा जुन्या फोमवर हा भार मुख्यतः बैठकीच्या दोन टोकदार हाडांवर येतो. शिवाय जाळीतून हवा खेळते. आणि एरॉन तीन मापांत काढली, ए, बी आणि सी, चपलेला मापं असतात तर खुर्चीला का नकोत या सरळ विचाराने.

मापांचा मुद्दा आपल्यासाठी जास्तच खरा आहे. भारतीय शरीरांची मापं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये पुस्तकरूपात काढली, देबकुमार चक्रबर्ती यांचं काम, पण आजही युरोप-अमेरिकेच्या मापाने बनलेल्या खुर्च्या आपल्या ऑफिसांत येतात आणि बुटक्या माणसाचे, विशेषतः बायकांचे पाय सीट पार खाली केली तरी लोंबकळत राहतात. मग सीटची कड मांडीखाली रुतते, पायांना मुंग्या येतात, म्हणून बाई पुढे सरकून कडेवर बसते, आणि एवढ्या मेहनतीने बनवलेला पाठीचा आधार मागे रिकामा राहतो. पायाखाली एक पाट किंवा फूटरेस्ट ठेवला तरी यातलं बरंचसं सुटतं.

दुसरी अडचण नॉबची. खुर्चीखाली चार-पाच दांडे असतात आणि कुणी त्यांना हात लावत नाही. अमेरिकन डिझायनर निल्स डिफ्रिएंट यांनी यावर फार सुंदर उत्तर काढलं. १९९९ च्या त्यांच्या फ्रीडम खुर्चीत रेलायची ताकद सेट करायचा नॉबच नाही, तुम्ही मागे रेलता तशी सीट थोडी वर उचलली जाते, म्हणजे तुमचंच वजन तुमच्या पाठीच्या भाराला तोलून धरतं. जाड माणसाला आपोआप जास्त विरोध, बारीक माणसाला कमी. कुणाला काही शिकवायला नको.

तुमच्या खुर्चीला नॉब असेल तर मात्र तो फिरवून बघाच. टिल्टचं लॉक आधी काढा, बहुतेक खुर्च्या वर्षानुवर्षं लॉकमध्येच पडलेल्या असतात. नॉब इतपत ठेवा की पायाने फार रेटा न देता मागे जाता यावं आणि सोडल्यावर खुर्चीने तुम्हाला धक्क्याने पुढे फेकू नये. टेका कमरेच्या बाकात, साधारण पट्ट्याच्या थोडा वर. गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यात दोन-तीन बोटं जागा. पण महागडी खुर्ची घेतली म्हणून पाठदुखी जाईल अशी आशा कुणी लावू नये, तसा भक्कम पुरावा नाही. मधून मधून उठावंच लागतं. टांझानियातल्या, शिकार करून आणि रानातलं गोळा करून जगणाऱ्या हाड्झा लोकांवरचा २०२० चा अभ्यास सांगतो की ते दिवसाचे जवळपास १० तास बसलेलेच असतात, पण त्यातला काही वेळ उकिडवे किंवा गुडघ्यावर, आणि तेव्हा पायांचे स्नायू हलकं हलकं काम करत राहतात.

एक गोष्ट राहिलीच, पोरांची. डेन्मार्कचे सर्जन ए. सी. मांडाल यांनी १९७० च्या दशकात वर्गातली मुलं निरखली, तर लिहिताना मुलं खुर्ची पुढच्या दोन पायांवर झुकवतात असं दिसलं, ज्याबद्दल सगळीकडे ओरडा बसतो. मांडाल म्हणाले की मुलं बरोबर करतायत, पुढे वाकून काम करताना सीट पुढे उतरती असली की मांडी आणि धड यातला कोन मोठा राहतो आणि पाठ वाकत नाही. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, नॉर्वेचे डिझायनर पीटर ऑप्सविक यांनी गुडघे टेकून बसायची, झुलणारी बालान्स खुर्ची केली, तीही याच वाटेने गेलेली. युरोपात आता शाळेच्या फर्निचरला मुलांच्या उंचीप्रमाणे मापं आणि प्रत्येक मापाला रंगाची खूण असं प्रमाणच आहे. आपल्याकडे बऱ्याच शाळांत पाचवीचं पोरगं आणि दहावीचं पोरगं एकाच मापाच्या, टेबलाला जोडलेल्या लाकडी बाकावर बसतं, पुढे झुकवायची सोय नाही, मागे सरकायची नाही, आणि हे सगळं वाढत्या हाडांच्या वयात, रोज पाच-सहा तास.