मनोरी-गोराई : खाडीपलीकडची मुंबई आणि गावठाणाची रेघ

समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प मनोरीत होणार, हे जाहीर झाल्यापासून या गावाचं नाव पुन्हा बातम्यांत आहे. सुरुवातीला रोज 20 कोटी लिटर पाणी, पुढे 40 कोटी, आणि त्यासाठी सुमारे 12 हेक्टर जमीन. गावातल्या बैठकांत मात्र पाण्यापेक्षा जमिनीबद्दल जास्त बोललं जातं. गाव कुठे संपतं, किनारा कुठे सुरू होतो, गावाच्या वतीने शब्द टाकायचा कुणी? हे प्रश्न प्रकल्पाच्या कितीतरी आधीपासून इथे पडून आहेत.

मालाडजवळच्या मार्वेच्या धक्क्यावरून लाँच सुटते. माणसं, मासळीच्या टोपल्या आणि मोटारसायकली एकाच फळीवर दाटीवाटीने उभ्या असतात आणि काही मिनिटांत मनोरी येतं. गोराईला बोरिवलीच्या बाजूने असंच खाडी ओलांडून जायचं. चारचाकी न्यायची तर भाईंदर, उत्तन असा वळसा पडतो, म्हणजे मुंबईतून मुंबईत जाताना मुंबईची हद्द सोडावी लागते. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी आणि तिवरं, मधे लांबट चिंचोळी जमीन. याच जमिनीवर उत्तन, डोंगरी, तारोडी, गोराई, कुळवेम आणि मनोरी अशी गावं आहेत. जुन्या कागदांत हे धारावी बेट. माहीमजवळच्या धारावीशी त्याचा काही संबंध नाही. मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध काढलेल्या वसईच्या मोहिमेत ज्या धारावीसाठी लढाया झाल्या, ती ही.

पोर्तुगीज गेले, 1739 साली मराठे आले, 1774 मध्ये साष्टी, म्हणजे आजच्या उपनगरांचा मुलूख, इंग्रजांकडे गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या काळाची खूण आज माणसांत दिसते. इथे ख्रिस्ती कोळी आहेत, हिंदू कोळी आहेत, भंडारी आहेत आणि शेती करणारे ईस्ट इंडियन आहेत. ईस्ट इंडियन हे नाव ऐकून बाहेरचा माणूस हमखास गोंधळतो. ही माणसं उत्तर कोकणातली, मराठी बोलणारी. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून मुंबईच्या भूमिपुत्र ख्रिश्चनांनी हे नाव घेतलं. नाव इंग्रजी असलं, तरी लग्नाच्या आधी बँडच्या तालावर बायका विहिरीवर जातात त्या विधीला आजही ‘उंबराचं पाणी’च म्हणतात. ऑक्टोबरातल्या आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. शेत विकलेलं घरही लोंब्या कुठून तरी आणतं.

आता गावठाण या शब्दाकडे येतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली ती शेतसाऱ्यासाठी. पिकाऊ जमिनीचे सर्व्हे नंबर पडले. जिथे लोकांची घरं होती तेवढा तुकडा साऱ्यातून बाहेर ठेवला आणि त्याभोवती रेघ ओढली. रेघेच्या आत गावठाण. सारा नाही म्हणून घराला सातबाराही नाही. घर कुणाचं हे गावाला ठाऊक होतं, आणि ते कागदालाही ठाऊक असावं अशी गरज तेव्हा कुणाला वाटली नाही. ही सवलत होती. तीच पुढे गळ्याला लागली.

कारण गाव वाढलं, रेघ वाढली नाही. मुलांची लग्नं झाली, वाटण्या झाल्या, घरामागच्या स्वतःच्या वावरात दोन खोल्या निघाल्या. त्या खोल्या गावाच्या लेखी गावातच आहेत, नकाशाच्या लेखी शेतजमिनीत. ओटी गावठाणात आणि मागची मोरी सर्व्हे नंबरात, अशी घरं असू शकतात. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या 122 व्या कलमाने गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला दिला आहे. तरीही उपनगरातल्या गावकऱ्यांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे: ‘विस्तारित गावठाण’ तोंडी सगळे मान्य करतात, कागदावर आणत नाहीत. सिटी सर्व्हे झाला तिथे प्रॉपर्टी कार्ड आलं, पण कित्येक कार्डांवर आजोबा-पणजोबांचीच नावं आहेत.

कोळीवाड्याचं दुखणं याहून अवघड आहे. गावठाणाला निदान रेघ तरी आहे. कोळ्याचं घर लहान, पण त्याचा संसार घराबाहेर पसरलेला असतो: होडी ओढायची जागा, जाळी शिवायची जागा, बोंबील वाळवायच्या वलांड्या. बांबूच्या उभ्या-आडव्या काठ्यांवर तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील उन्हात वाळत असतात, खाली जवळा पसरलेला असतो. पावसाळ्यात तीच जागा रिकामी दिसते. त्या दिवसांत नकाशा घेऊन आलेल्या माणसाला ती मोकळी सरकारी जमीन वाटते. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईतले कोळीवाडे नकाशावर दाखवावेत असं स्पष्ट म्हटलं होतं. त्यानंतर मोजण्या झाल्या, हरकती झाल्या, आणि प्रत्येक वेळी वाद तोच: घरांपुरती हद्द की वलांड्यांसकट? माझ्या मते वलांड्या वगळून आखलेली हद्द कोळीवाड्याची हद्दच नव्हे. त्यात उपनगरातल्या काही गावठाण-कोळीवाड्यांच्या अरुंद गल्ल्या, खेटून उभी घरं पाहून त्यांना झोपडपट्टीच्या यादीत बसवण्याचे प्रयत्न झाले. झोपडपट्टीचा कायदा 1971 चा आहे. ही घरं त्याच्या आधीची, काही तर मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्याच्याही आधीच्या वस्तीतली. तो शिक्का लोकांना फार लागला आणि अजून लागतो.

स्थानिक कारभाराची गोष्ट थोडक्यात सांगता येते. 1950 साली महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली, फेब्रुवारी 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. या दुसऱ्या विस्तारात मनोरी-गोराई शहरात गेली आणि मग ग्रामपंचायतीचा विषयच उरला नाही. त्याच जमिनीवरची उत्तन, डोंगरी मागे राहिली. 1985 साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, 1990 मध्ये उत्तन-डोंगरीच्या ग्रामपंचायती तिच्यात गेल्या, 2002 मध्ये तिची महापालिका झाली. म्हणजे उत्तनला आपल्या गावचा सरपंच मनोरीपेक्षा तेहतीस वर्षं जास्त मिळाला. एकाच जत्रेला जाणारी, एकमेकांत सोयरीक करणारी गावं, आणि दाखल्यासाठी दोन जिल्हे. मनोरीचं पालिका कार्यालय मालाडला, गोराईचं बोरिवलीला, दोन्ही खाडीपलीकडे. 1990 साली मुंबई उपनगर जिल्हा झाला, सातबारा बोरिवली तालुक्याचा राहिला, गावकऱ्याची फेरी काही वाचली नाही.

गेल्या वीस वर्षांत या पट्ट्याकडे बाहेरच्यांचं लक्ष वाढलं. आधी विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, तो लोकांनी रोखला. मग पर्यटन विकासासाठी गोराई-मनोरी-उत्तनचा एकत्र आराखडा निघाला, तोही पालिकेऐवजी वेगळ्या प्राधिकरणाकडून, आणि हरकतींचे गठ्ठे पुन्हा लाँचमधून मुंबईला गेले. ग्रामपंचायत असती तर ग्रामसभेचा ठराव झाला असता. शहरातल्या गावाला असा ठराव करायची सोय नाही. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली, त्यानंतर काही वर्षं प्रशासकच होता, नगरसेवक नव्हता. पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पाच्या निविदांची वाटचाल बरीचशी याच काळातली.

मनोरीतल्या लोकांनी तेव्हा निवेदनं दिली, त्यांवर सह्या केल्या. सही करणाऱ्याचा पत्ता लिहायच्या रकान्यात कुणी घर नंबर लिहिला, कुणी सर्व्हे नंबर, आणि बऱ्याच जणांनी नुसतं ‘मनोरी गाव’.