मोटरची वीज तोडली म्हणजे ब्रेक लागला?

स्वतः चालणाऱ्या मॉडेल कारबद्दल एक समज बराच जुना आहे: अडथळा दिसताच मोटरची वीज तोडा, गाडी जागेवर थांबते. असं वाटणं साहजिक आहे. पण बटण बंद केल्यावर पंखाही काही वेळ फिरतोच ना? गाडीही तशीच घरंगळत पुढे जाते.

खरा ब्रेक लागतो तो मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडल्यावर. फिरणारी डीसी मोटर तेव्हा जनरेटर होते आणि तिनेच निर्माण केलेला प्रवाह तिच्या फिरण्याला विरोध करतो. एल२९८एन ड्रायव्हरमध्ये (मोटरला वीज पुरवणारं छोटं सर्किट) एनेबल, म्हणजे ते सुरू-बंद करणारी पिन, चालू ठेवून दिशा ठरवणारे दोन्ही इनपुट सारखे केले की हेच घडतं. एनेबल बंद केलं तर मोटर मोकळी सुटते.

पडताळा सोपा आहे. सुट्या मोटरचा दांडा बोटांनी फिरवा, मग तिच्या दोन्ही वायरी जोडून पुन्हा फिरवा. दांडा लगेच जड लागेल. (गिअर असलेली मोटर घेतलीत तर फरक आणखी ठळक.)

सेन्सरचा वेळही धरा. सेकंदाला १ मीटर वेगाच्या गाडीत अंतर दर १०० मिलिसेकंदांनी मोजलं, तर दोन मोजण्यांमध्येच गाडी १० सेंटिमीटर सरकते. चाकं वळवणाऱ्या सर्वोची (ठरवलेल्या कोनात फिरून तिथेच राहणारी छोटी मोटर) वीज मात्र थांबतानाही चालू ठेवा, नाहीतर चाकं धरून ठेवायला कुणी उरत नाही.