फोर्कलिफ्ट चालवण्यासाठी नेमका कोणता कागद लागतो? बेळगाव भागातल्या कामगारांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती या भागांतल्या कारखान्यांच्या गेटवर पाटी दिसते: ‘फोर्कलिफ्ट ऑपरेटर पाहिजे, लायसन्स असणे आवश्यक.’ ती वाचून पोरं एजंटाकडे धाव घेतात आणि चकचकीत कार्ड घेऊन येतात. मशीनवर एक तासही न बसवता दिलेलं कार्ड कामाचं नाही, पैसे वाया गेले समजा. म्हणून आधी ‘लायसन्स’ या शब्दाचा घोळ मिटवू.

मोटार वाहन कायदा 1988 मधल्या व्याख्येनुसार, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्यामुळे कंपाउंडच्या आतच फिरणाऱ्या फोर्कलिफ्टसाठी आरटीओचं लायसन्स लागत नाही. तिथे दोन कागद लागतात: प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र, आणि मालकानं दिलेलं लेखी अधिकारपत्र. हीच फोर्कलिफ्ट सार्वजनिक रस्त्यावर आली की चित्र बदलतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत फोर्कलिफ्ट ट्रकचं नाव बांधकाम उपकरण वाहनांच्या यादीत आहे. म्हणजे मशीनची नोंदणी, विमा आणि चालकाचं त्या वर्गाचं लायसन्स, तिन्ही हवेत. एकाच मालकाच्या दोन शेड रस्त्याच्या दोन बाजूंना असतील आणि कास्टिंगचे बिन (ओतीव लोखंडी भागांनी भरलेले डबे) इकडून तिकडे न्यायचे असतील, तर ती वीस पावलंसुद्धा सार्वजनिक रस्ताच. सुपरवायझर ‘चल, पटकन टाकून ये’ म्हणाला तरी आधी कागद विचारा.

रस्त्याचं लायसन्स काढायचं तर आधी लर्निंग. अर्ज सारथी पोर्टलवर (लायसन्ससाठीच्या सरकारी वेबसाइटवर) होतो. केंद्रीय नियमांत लर्निंगची फी दर वर्गाला 150 रुपये, चाचणीचे 50, पुढे ड्रायव्हिंग टेस्टचे 300 आणि लायसन्सचे 200 रुपये आहे. लर्निंग 6 महिने चालतं आणि किमान 30 दिवस झाल्यावर पक्क्या टेस्टला बसता येतं. जिल्ह्यात बेळगावला केए-22, चिक्कोडीला केए-23, बैलहोंगलला केए-24 आणि गोकाकला केए-49 अशी कार्यालयं आहेत. अर्जात वाहनाचा वर्ग नीट निवडा. साध्या कारचं लायसन्स हातात आलं म्हणजे फोर्कलिफ्टचं मिळालं असं होत नाही. चंदगड, गडहिंग्लजकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की महाराष्ट्रात काढलेलं लायसन्स कर्नाटकातही चालतं, ते बदलून घ्यायची गरज नाही. कारखान्याची तपासणी मात्र कारखाना कुठे आहे त्यावर ठरते: होनग्याला कर्नाटकाचा कारखाने, बाष्पके, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य विभाग, शिनोळीला महाराष्ट्राचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. तक्रार करायची वेळ आली तर दार चुकू नये.

आता प्रशिक्षणाचा अर्ज. वय 18 पूर्ण हवं. आठवी किंवा दहावी मागतात, कारण मशीनवरच्या प्लेटचे (किती वजन उचलता येतं ते लिहिलेल्या पत्र्याचे) आकडे वाचता यायलाच हवेत. नजर (चष्मा लावून चालते), रंगांची ओळख आणि कान तपासतात. फिट येणं, चक्कर, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा साखर असेल तर डॉक्टरला लपवू नका. फाउंड्रीत वितळलेल्या धातूजवळ मशीन असताना दोन सेकंदांची भोवळही जीव घेते.

कागद साधारण असे लागतात: आधार, दहावीचं मार्क्स कार्ड किंवा शाळेचा दाखला, एमबीबीएस डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, तीन-चार फोटो, मालकाचं किंवा ठेकेदाराचं पत्र, आणि असेल तर ईएसआय क्रमांक व ड्रायव्हिंग लायसन्स. अर्ज अडतात ते नावावरून. शाळेचं रेकॉर्ड मराठी शाळेतलं, रेशन कार्ड कन्नडमधलं, आधारवर इंग्रजी स्पेलिंग. ‘परशराम’चं स्पेलिंग एका कागदावर एक ए घालून, दुसऱ्यावर दोन घालून, तर कुठे वडिलांचं नाव फक्त आद्याक्षरात. प्रमाणपत्र एका नावानं निघतं आणि नोकरीच्या वेळी दुसरं नाव समोर येतं. अर्ज भरण्याआधी सगळे कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच दुरुस्त करता येतं, म्हणून दाखल्यावरचं नाव नक्की करून मगच केंद्रात जा.

कामगाराला माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख देणं ही मालकाची जबाबदारी कारखाने कायदा 1948 च्या कलम 7 ए मध्ये होती आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. त्यामुळे ज्याला कामावर लावलंय त्याच्याकडून प्रशिक्षणाची फी कापून घेणं योग्य नाही. ठेकेदाराच्या माणसालाही हीच गोष्ट लागू. प्रशिक्षण मराठीत मागा. कन्नड जेमतेम कळणाऱ्याला कन्नडमध्ये लोड चार्ट (किती अंतरावर आणि उंचीवर किती वजन चालतं तो तक्ता) समजावणं म्हणजे न शिकवणंच.

शिकवण्यात काय असायला हवं? नवख्याला एक दिवस वर्ग आणि दोन दिवस मशीन यापेक्षा कमी काहीही चालवून घेऊ नका. वर्गात सर्वांत जास्त वेळ क्षमतेच्या प्लेटवर जावा, कारण मशीन उलटण्याचं मूळ तिथं आहे. समजा प्लेटवर 3,000 किलो आणि लोड सेंटर 500 मिलिमीटर आहे. याचा अर्थ मालाच्या वजनाचा मध्य फोर्कच्या (माल उचलणाऱ्या एल आकाराच्या दोन दांड्यांच्या) उभ्या भागापासून 500 मिलिमीटरपर्यंत असेल तरच 3,000. 1,200 मिलिमीटर लांब पेटीची लांबी फोर्कच्या दिशेनं ठेवून उचलली की मध्य 600 वर जातो. पुढच्या अ‍ॅक्सलपासून फोर्कच्या उभ्या भागापर्यंत 450 मिलिमीटर धरले, तर हिशेब 3,000 गुणिले 950 (450 अधिक 500) भागिले 1,050 (450 अधिक 600), म्हणजे जवळपास 2,700 किलो. आपण काहीच वजन वाढवलं नाही, तरी 300 किलो क्षमता गेली. हा ढोबळ हिशेब समजण्यासाठी आहे. शेवटचा शब्द त्या मशीनच्या प्लेटचा, आणि उंचावर किंवा जोडसाहित्य लावल्यावर क्षमता आणखी घटते. कास्टिंगचे बिन लहान दिसतात, पण वजन फसवतं. साखरेच्या 50 किलोच्या पोत्यांची पॅलेट मोजून सांगता येते, बिन सांगता येत नाही, म्हणून बिनवर वजन लिहिलेलं असावं.

मशीनवर शिकताना या सवयी पाडून घ्या. चालताना फोर्क जमिनीपासून 15 ते 20 सेंटिमीटर, मास्ट (फोर्क वरखाली नेणारा उभा सांगाडा) मागे झुकवलेला. भरलेल्या मशीननं चढावर पुढे तोंड करून, उतारावर रिव्हर्समध्ये. पुढून दिसत नसेल इतका माल असेल तर रिव्हर्समध्ये जा. थांबवताना फोर्क जमिनीवर, न्यूट्रल, हँडब्रेक, चावी खिशात. आणि मशीन उलटू लागलं तर उडी मारायची नाही. पट्टा लावलेला असतो, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि उलटण्याच्या विरुद्ध दिशेला झुकायचं. उडी मारणाऱ्यावरच कॅबचं छप्पर येतं. पावसात बेळगाव-खानापूर पट्ट्यात टायरला चिखल लागून डॉकचा (माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेचा) उतार साबणासारखा होतो. प्रशिक्षण उन्हाळ्यात झालं असेल तर ओल्या उतारावरचा सराव वेगळा मागून घ्या.

रोजच्या तपासणीत हायड्रॉलिक गळती, टायर, हॉर्न, ब्रेक, साखळी आणि फोर्कची टाच बघा. टाच म्हणजे जिथं आडवा भाग उभ्याला मिळतो. तिथली जाडी मूळच्या 10 टक्क्यांनी झिजली की फोर्क बदलायचा, वेल्डिंग मारून चालवायचा नाही. बॅटरीची मशीन असेल तर चार्जिंगच्या जागी हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत 4 टक्के झाला की पेट घेऊ शकतो.

परीक्षा पास झाल्यावर मालकाकडून अधिकारपत्र घ्या. त्यात नाव, फोटो, मशीनचा प्रकार व क्षमता, तारीख आणि मुदत असावी. डिझेलच्या 3 टनीचं पत्र रीच ट्रकला (अरुंद वाटेत उंच रॅकवर माल ठेवणाऱ्या मशीनला) चालत नाही. अमेरिकेच्या ओशा (तिथल्या कामगार सुरक्षा खात्याच्या) नियमात दर 3 वर्षांनी ऑपरेटरचं पुन्हा मूल्यमापन आहे, आपल्याकडेही तो आकडा धरायला हरकत नाही. पण अपघात झाला, थोडक्यात बचावलात, नवं मशीन आलं किंवा शेडची मांडणी बदलली, तर तीन वर्षं थांबू नका. आणि कुणाला अशी इजा झाली की 48 तास किंवा जास्त काळ काम करता येणार नाही, तर मालकानं कारखाने विभागाला सूचना देणं बंधनकारक आहे. अशा वेळी प्रमाणपत्र, अधिकारपत्र आणि रोजच्या तपासणीची वही प्रथम मागतात, म्हणून तिन्हीची एक झेरॉक्स घरी ठेवा.