'परवाचा' म्हणणारा एक मेलेला इंग्रजी शब्द

इंग्रजीत आपल्या 'परवा'ला एक शब्द नाही, 'द डे बिफोर यस्टरडे' असं लांबण लावावं लागतं, हे मला शाळेपासून खटकायचं. पण कधीकाळी होता की! न्यूडियसटर्शन, म्हणजे 'परवाचा'. अर्थात म्हणताना जीभच अडखळते, त्यामुळे टिकला नाही यात नवल नाही.

मूळ लॅटिनमधलं, 'नूदिउस तेर्तिउस'. नूदिउसमध्ये 'आत्ता' आणि 'दिवस' हे दोन शब्द चिकटलेत, तेर्तिउस म्हणजे तिसरा, थोडक्यात 'आज तिसरा दिवस'. आता परवा तिसरा कसा, तर रोमन लोक मोजताना आजचा दिवसही धरायचे, आज एक, काल दोन, परवा तीन. आपणही "आज धरून तिसरा दिवस, ताप उतरत नाही" म्हणतोच ना, तसंच. आणि हे परवावर अडत नव्हतं, पुढचा आकडा लावत जायचं, रोमन वक्ता सिसेरोने एका भाषणात असा थेट तेरावा दिवस सांगितलाय. आपली गाडी फार तर परवाच्या पलीकडच्या तेरव्यापर्यंत जाते, आणि तोही आता कोण म्हणतं.

इंग्रजीत हा शब्द मिळतो 1647 मध्ये, नॅथॅनिएल वॉर्डच्या पुस्तकात. हा प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक, 1634 ला इंग्लंड सोडून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविचला गेलेला, आणि पुस्तक लिहिलं चांभाराच्या सोंगात. त्यात तो नटव्या बायकांवर घसरतो, की राणी या आठवड्यात काय नेसलीये, दरबाराची 'परवाची' फॅशन काय, असल्या चौकशा करतात म्हणून. म्हणजे अगदी ताजी फॅशन, असं वर स्वतःच समजावतो. तेव्हा लॅटिनमधून जड शब्द उचलून इंग्रजीत घुसवायची हौस जोरात होती, वॉर्डने ती मुद्दाम टिंगलीसाठी वापरली असं मला वाटतं. गंमत म्हणजे तेव्हा इंग्लंडात यादवी चाललेली आणि राणी 1644 लाच फ्रान्सला पळालेली, त्यात अमेरिकेत बातमी जहाजाने यायची, तिथे परवाची फॅशन कुठून कळणार!

आपला 'परवा' मागे पुढे दोन्हीकडे चालतो, गेलो की जाणार ते क्रियापदावरून कळतं. लॅटिनमध्ये पुढच्या परवाला वेगळा शब्द, 'पेरेंदिए', त्यावरून इंग्रजीत पेरेंडिनेट झाला, काम परवावर ढकलणे. तोही गेला. उद्यावर ढकलणारा प्रोक्रॅस्टिनेट मात्र अजून जोरात आहे.