मधुमेह व थायरॉईड विकार : कोकणातील रुग्णांचे प्रश्न

इन्शुलिन अपुरे पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की रक्तातील ग्लुकोज सतत वाढलेले राहते. या विकारास मधुमेह म्हणतात. कोकणात त्याला बोलीत ‘साखर’, ‘शुगर’ किंवा नुसते ‘डायबिटीस’ म्हणतात. त्याच्या जोडीने नेहमी आढळणारा दुसरा अंतःस्रावी विकार अवटू ग्रंथीचा, म्हणजे थायरॉईडचा. प्रस्तुत नोंदीत रोगलक्षणांचे सविस्तर वर्णन नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यात, भात, मासे, नारळ आणि आंबा यांवर पोसलेल्या वस्तीतील रुग्ण जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांचा विचार येथे केला आहे. इतरत्र तयार झालेल्या आहारतक्त्यांत या प्रश्नांची उत्तरे क्वचितच मिळतात.

संज्ञा व प्राचीन उल्लेख : चरक व सुश्रुत संहितांत प्रमेहाचे (मूत्रविकारांचे) वीस प्रकार सांगितले आहेत : दहा कफज, सहा पित्तज व चार वातज. मधुमेह हा वातज प्रकारांपैकी एक. सुश्रुत त्या जागी ‘क्षौद्रमेह’ हा शब्द वापरतो आणि उपेक्षा केलेले सर्व प्रमेह शेवटी मधुमेहात परिणत होतात, असे म्हणतो. रुग्णाच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धावतात, हे चरकाचे निरीक्षण सर्वपरिचित आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानात सहज (जन्मजात) व अपथ्यनिमित्तज (अयोग्य आहारविहाराने होणारा) असे दोन वर्ग केले असून पहिल्यातील रुग्ण कृश, तर दुसऱ्यातील स्थूल असतो, असे सांगितले आहे. यावरून आजचे टाइप १ (शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच न होणारा) व टाइप २ (शरीर इन्शुलिनला नीट दाद न देणारा) हे भेद प्राचीनांना ठाऊक होते, असे काही लेखक मानतात. हे समीकरण सावधपणे घ्यावयास हवे. प्रमेह ही मूत्रविकारांची व्यापक संज्ञा आहे आणि तिच्या वीस प्रकारांतील बहुतेकांचा ग्लुकोजशी संबंध जोडता येत नाही. इन्शुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादावरून दोन प्रकार वेगळे करण्याचे काम ब्रिटिश वैद्य हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये केले.

कोकणाच्या दृष्टीने चरकाचा आणखी एक श्लोक लक्षणीय आहे. बसून राहण्याचे व झोपेचे सुख, दही, दूध, पाणथळ प्रदेशातील व जलचर प्राण्यांचे मांस, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ ही प्रमेहाची कारणे त्यात दिली आहेत. नारळी-केळीची दाट वने आणि नद्या व समुद्र यांनी वेढलेल्या ‘अनूप’ देशाचे वर्णन वाचताना कोकणच डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि हे वर्णन चरकसंहितेच्या कल्पस्थान या विभागातील आहे आणि कल्पस्थान दृढबल या नंतरच्या संपादकाने पूर्ण केलेल्या भागात मोडते. दृढबलाचा काळ सामान्यतः इ. स. चौथे-पाचवे शतक मानतात. उलट प्रमेहचिकित्सेचा सहावा अध्याय चरकाच्या मूळ प्रतिसंस्करणात (संपादित संहितेत) गणला जातो. त्यामुळे दोन्ही उतारे एकत्र जोडून ‘चरकाने कोकणातील मधुमेह वर्णिला’ असे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. प्रमेही माणसाने जव हे मुख्य अन्न ठेवावे, हा चरकाचा सल्लाही किनाऱ्यावर जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे जव पिकत नाही. त्याची जागा नाचणीने घेतली आहे.

‘मी बारीक, मला साखर कशी?’ : लावणी-कापणी करणारा, अंगाने काटकुळा शेतकरी किंवा खलाशी हा प्रश्न विचारतो, आणि तो रास्त आहे. मधुमेह लठ्ठ, बसून खाणाऱ्यांचा रोग, ही समजूत पाश्चात्त्य रुग्णांच्या वर्णनावरून रूढ झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलोग्रॅम भरले. वजनातील ही तूट मुख्यतः स्नायूंत व आतील अवयवांत होती. त्वचेखालील चरबी त्या मानाने राखली गेली होती. काट्यावर बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटाभोवती चरबी असू शकते, हे यावरून कळते. म्हणून वजनाबरोबर कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

खरोखर कृश, लहानपणी उपासमार सोसलेल्या तरुण रुग्णांचा वर्ग वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणजन्य मधुमेह हा स्वतंत्र प्रकार मान्य केला आणि १९९९ च्या वर्गीकरणातून तो वगळला. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला ‘टाइप ५’ म्हणून पुन्हा स्थान दिले. त्याच्या निकषांवर अद्याप एकमत नाही. असे रुग्ण टाइप १ चे समजले जाऊन त्यांना इन्शुलिनची मात्रा जास्त दिली गेल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते, म्हणून हा भेद नुसता शास्त्रीय राहत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील डेरवण येथे किशोरवयीन मुलींवर दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला आहे. या मुलींत कृशता मोठ्या प्रमाणावर आढळते आणि पुढच्या पिढीतील मधुमेहाचा माग त्यांच्यापासूनच लावावा लागेल.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. त्याच मालिकेच्या २०११ मधील पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के होते.

भात, नाचणी, आंबा : ‘भात सोडूचो काय?’ हा मालवणी मुलखातील पहिला प्रश्न. भात सोडण्याची गरज नसते. गरज असते ती मोजण्याची. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, आणि ताटातला डोंगर सहज ३०० ग्रॅमचा होतो. उकड्या तांदळाचा भात सुरय (न उकडलेल्या) तांदळाच्या भातापेक्षा साखर काहीसा सावकाश वाढवतो. मात्र त्याचीच मऊ पेज केली की हा फरक बराचसा पुसला जातो. कुळथाची पिठी, मासे किंवा भाजी आधी खाऊन भात शेवटी घेतल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते.

नाचणीविषयी गैरसमज अधिक आहे. ‘भाताऐवजी नाचणी कितीही चालते’ असे घरोघरी सांगितले जाते. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, नाचणीत सुमारे ७०. फरक आहे तो तंतूंचा (नाचणीत सुमारे ११ ग्रॅम, तांदळात ३ ग्रॅमच्या आत) आणि कॅल्शियमचा (सुमारे ३५० मिलिग्रॅम). भाकरीत हे तंतू टिकतात. गाळून केलेल्या सत्त्वात ते निघून जातात, आणि आंबीलही पातळ असल्याने लवकर पचते. आजारी माणसाला प्रेमाने दिलेली नाचणीच्या सत्त्वाची खीर त्यामुळे साखर झपाट्याने वाढवू शकते.

हापूसच्या हंगामात, मार्च ते मे, तपासण्या बिघडतात, हे किनाऱ्यावरील प्रत्येक डॉक्टर जाणतो. मध्यम आकाराच्या फळात साधारण १५ ते २० ग्रॅम शर्करा असते. म्हणजे एका पोळीएवढा हिशेब. साखर आटोक्यात असलेल्याने अर्धे फळ जेवणातील भात तेवढा कमी करून खाल्ले, तर ते सामान्यतः चालते. आमरस निराळा, कारण वाटीत दोन-तीन फळे उतरतात. फणसाच्या पिकल्या गऱ्यांना हाच नियम लागू. कोकम सरबतात साखर असते, आगळात मीठ. सोलकढी बहुधा निरुपद्रवी. सुक्या मासळीतील मीठ रक्तदाब व मूत्रपिंडविकार असलेल्यांना बाधते.

मीठ व थायरॉईड : समुद्राकाठच्या माणसाला गलगंड (आयोडीन कमी पडल्याने थायरॉईड ग्रंथी सुजणे) होत नाही, मिठागराच्या मिठात आयोडीन असतेच, असा समज शिरोड्यापासून पेण-उरणपर्यंत आढळतो. शिरोड्याचे मिठागर १९३० च्या सत्याग्रहामुळे इतिहासात नोंदले गेले आहे आणि तेथील मिठाविषयीची आत्मीयता समजण्याजोगी आहे. पण हिशेब करून पाहावा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार व जेमतेम ५०-६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले, असे क्षणभर मानले तरी १० ग्रॅम मिठातून २० मायक्रोग्रॅमही मिळणार नाही. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर स्त्रीची सुमारे २५० आहे. प्रत्यक्षात मिठाचे स्फटिक धरताना आयोडीन बरेचसे मागे उरलेल्या पाण्यात राहते. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकापर्यंत पोहोचताना किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावे हा नियम याच गरजेवरून आला : अशा १० ग्रॅम मिठात बरोबर १५० मायक्रोग्रॅम भरते.

समुद्री मासळीतून आयोडीन मिळते, हे खरे. तरी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पुढे श्रावण येतो, आणि शाकाहारी घरांत तर तो मार्गच नसतो. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, तेव्हा हा विकार हिमालयाच्या पायथ्यापुरता मानला जाई. पुढील पाहण्यांत तो देशाच्या इतर भागांतही आढळला. १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले.

आज थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांचा विकार आयोडीनच्या अभावाचा नसतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्याने तो होतो. म्हणून मीठ बदलून ही गोळी सुटत नाही. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहा घेऊ नये. लोहाची व कॅल्शियमची गोळी चार तास दूर ठेवावी. पहाटेचा चहा ही कोकणी घराची पहिली क्रिया असल्याने नेमकी येथेच चूक होते, आणि मग मात्रा वाढवत नेली तरी टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीत मोजले जाणारे संप्रेरक) उतरत नाही.

सप्तरंगी : सिंधुदुर्ग, रत्नागिरी व गोव्यात मधुमेहावर वापरले जाणारे एक झाडपाल्याचे औषध म्हणजे सप्तरंगीचे मूळ. या नावाखाली नेमकी कोणती वनस्पती घ्यावी, याबद्दल ग्रंथांत मतभेद आहेत. एका परंपरेनुसार ती कॅसिएरिया एस्क्युलेंटा होय. जुन्या औषधिविषयक ग्रंथांत हेच समीकरण दिसते. दुसऱ्या परंपरेनुसार ती सॅलेशिया प्रजातीतील, विशेषतः सॅलेशिया चायनेन्सिस ही काष्ठमय वेल. दोन्ही वनस्पती वेगळ्या कुलांतील आहेत. मुळाच्या आडव्या छेदात दिसणाऱ्या वलयांवरून ‘सप्तरंगी’, ‘सप्तचक्रा’ ही नावे पडली असावीत. मधुमेहातील गुणाचा विचार करता सॅलेशियाचा पक्ष अधिक बळकट वाटतो. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी सॅलेशिया रेटिक्युलाटा या भगिनी-जातीतून सॅलॅसिनॉल हा घटक वेगळा केला. तो आतड्यातील पिष्टाचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) अडवतो. म्हणजे जेवणानंतरची साखर काहीशी कमी चढावी, इतपत गुण समजण्याजोगा आहे. इन्शुलिनची उणीव मात्र तो भरून काढत नाही. मुळी खणून विकल्या जात असल्याने वेल दुर्मिळ होत चालली आहे. काढा व गोळ्या एकत्र घेणाऱ्याने ते डॉक्टरांना न संकोचता सांगावे. शिवाय असा काढा पोटात असताना साखर उतरून घाम, थरथर सुटली, तर घरची साखर त्याच कारणाने सावकाश लागू पडते. अशा वेळी ग्लुकोजची पूड, साधारण १५ ग्रॅम, द्यावी.

इन्शुलिन व पावसाळा : न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवतात. वापरात घेतलेली बहुतेक इन्शुलिने ३० अंशांच्या आत चार आठवडे टिकतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले, तेव्हा रायगड व उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावे दिवसेंदिवस विजेविना राहिली. अशा वेळी बाटली प्लास्टिकच्या डब्यात बंद करून ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात किंवा माठाजवळ ठेवणे उपयोगी पडते. बर्फाला थेट चिकटून गोठलेले इन्शुलिन पुन्हा वापरू नये. ‘सुई एकदा लागली की संपले’ ही भीती सार्वत्रिक आहे. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण यांत ती काही काळापुरती लागते आणि नंतर अनेकांची सुटतेही. टाइप १ च्या मुलाची मात्र ती एका दिवसासाठीही थांबवता येत नाही, कुणी कितीही खात्रीचा उपाय सांगितला तरी.

उपास व रोजा : श्रावणातील उपासाला साबुदाणा व बटाटा यांमुळे साखर वाढते. निर्जळी उपासात, तसेच किनाऱ्यावरील मुस्लिम वस्तीतील रमजानच्या रोज्यात, ती उतरण्याचा धोका असतो. गोळ्यांच्या वेळा आधी बदलून घ्याव्यात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास उपास तेथेच सोडावा.

पाय : लावणीच्या दिवसांत अनवाणी तासन् तास चिखलात उभे राहावे लागते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, संवेदना मंदावलेल्या पायाला काटा रुतल्याचे कळत नाही आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातील माती-पाण्यातून होणारा मेलिऑयडोसिस हा जंतुसंसर्गही मधुमेहींनाच अधिक गाठतो. रात्री पाय धुऊन, बेचक्या कोरड्या करून, तळवे आरशात किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाकडून पाहून घ्यावेत. शेतात गमबूट घालावेत आणि ते घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा काटा नाही ना, हे तपासावे.