गाडी मिसिंग मारतेय? आधी कोणता सिलिंडर, मग का
आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"गाडी हिसके देतेय", "सिग्नलला उभी राहिली की थरथरते", "घाटात दम टाकते", "गॅसवर घेतली की मिसिंग मारते". सकाळी शटर वर गेलं की यातलं एखादं वाक्य ऐकू येतंच, आणि बऱ्याचदा त्यामागोमाग फर्माईशही येते: "प्लग बदलून टाका." प्लग बदलून काही गाड्या सुधारतात, काही नाही. ज्यांच्या सुधारत नाहीत त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. काम सुरू करण्याआधीच तपासणीचे वेगळे पैसे कशाला, असं विचारणाऱ्यांसाठीही आहे.

एक सिलिंडर गप्प बसतो तेव्हा

क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा फायर होतो, म्हणजे त्यातलं इंधन पेटतं. इंजिन आयडलला मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा जोर लावतो. चारातला एक गप्प बसला (हेच मिसिंग) की उरलेले तिघे गाडी तर ओढतातच, वर त्यालाही फिरवतात. म्हणून पिकअप जातो, ॲव्हरेज पडतं, स्टिअरिंग थरथरतं. तीन सिलिंडरच्या छोट्या गाड्यांत हे आणखी जाणवतं.

इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागला असेल तर हळू चालवत गाडी आमच्याकडे आणता येईल. तो लुकलुकत असेल तर मात्र ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या आणि गाडी उचलून आणायची सोय करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. प्लग आणि कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) यांचं बिल त्याच्या बिलापुढे काहीच नाही. उरलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका.

स्कॅनर काय सांगतो, काय नाही

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोषाचा कोड वाचणारं यंत्र. त्यावर पी०३०१ आला तर पहिला सिलिंडर, पी०३०२ आला तर दुसरा; पी०३०० म्हणजे कुठला एक धड सांगता येत नाही, कधी हा तर कधी तो. कॉम्प्युटरला हे कळतं ते क्रँक सेन्सरवरून: त्या सिलिंडरच्या पाळीला क्रँकचा वेग किंचित मंदावतो. म्हणजे पाळी कोणाची चुकली एवढंच त्याला ठाऊक असतं. ती ठिणगीमुळे चुकली, इंधनामुळे की कॉम्प्रेशनमुळे (सिलिंडरमधला दाब कमी पडल्यामुळे), हे तो सांगत नाही. "कोड आलाय, मग पार्ट बदला ना" असं म्हणतात तेव्हा घोळ इथेच होतो.

मग आम्ही अदलाबदल करतो. समजा कोड तिसऱ्या सिलिंडरचा आहे. त्याची कॉइल पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर; कोड पुसून गाडी चालवून बघायची. आता कोड पहिल्याचा आला तर कॉइल गेलेली. तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची अदलाबदल. तोही निर्दोष निघाला तर इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारा भाग. वेळ लागतो, पण एक रुपयाचाही पार्ट न घेता उत्तर मिळतं.

एक गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात चारही प्लग नवे, चारही कॉइल नव्या होत्या, आणि कोड तिसऱ्याचा तसाच. अदलाबदलीनंतरही तो जागचा हलला नाही, तेव्हा वायरिंग उघडलं. कॉइलकडे जाणारी वायर उंदराने टेपच्या आतून कुरतडली होती. अर्धा फूट वायर आणि थोडी टेप, एवढ्यात काम झालं. आधीच्या खर्चाबद्दल आम्ही काही बोललो नाही, मालकच बोलले.

काढलेला प्लग आम्ही तुम्हाला दाखवतो, कारण तो बरंच बोलतो. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी पडत नाही. काळा तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. एकच प्लग नव्यासारखा धुतलेला दिसला तर आम्ही सावध होतो: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत शिरत असावं, हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालची सील) तपासावं लागेल. प्लगच्या खड्ड्यात ऑइल किंवा पाणी साचलेलंही खूपदा सापडतं. ऑइल वरच्या कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपतं, पाणी बहुधा प्रेशरने इंजिन धुण्याच्या हौसेतून येतं.

सीएनजीवाल्यांसाठी

सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते. म्हणून थकलेला प्लग किंवा कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर उघडी पडते. उलट तक्रारही येते: गॅसवर मस्त, पेट्रोलवर मिसिंग. अशा गाडीत पेट्रोल कित्येक महिने रिझर्व्हलाच असतं आणि न वापरून इंजेक्टर चिकटलेले असतात. रोज काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

आणखी एक म्हणजे टॅपेट, व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) दाबून उघडणारा भाग. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट संपते. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. हे वेळेत सापडलं तर सेटिंगवर भागतं, व्हॉल्व्ह जळला तर हेड उतरवावं लागतं.

कॉम्प्रेशन

ठिणगी आणि इंधन दोन्ही ठीक निघालं तरच कॉम्प्रेशन मोजायचं गेज लावतो. तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास आणि एक ९० वर, असं दिसलं की दुखणं इंजिनच्या आत आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतो. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन एकदम पडले असतील तर बहुधा त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलेलं. इथून पुढचा खर्च मोठा असतो, म्हणून फोनवर तुमचा होकार घेतल्याशिवाय आम्ही इंजिन उघडत नाही.

डिझेलवाल्यांना एक विनंती. जुन्या गाडीत इंजेक्टरचा नट ढिला करून मेलेला सिलिंडर शोधायचे. कॉमन रेलला (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनला) ते चुकूनही करू नका, कोणाला करूही देऊ नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

गाडी देताना सांगा

थंड असताना होतं की गरम झाल्यावर? गॅसवर, पेट्रोलवर की दोन्हीवर? पावसात वाढतं का? कूलंट भरावं लागतंय का? शेवटचे प्लग किती किलोमीटरला बदलले? एवढ्या उत्तरांवर आमचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे तेवढ्याचे पैसे.

आणि दोष फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला दिसत असेल, तर गाडी आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे ठेवून जा. तुम्ही ती चालवत आणेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं आणि आमच्यासमोर ती एकदम शहाण्यासारखी वागते.