शिकवणी कुठे संपते, क्लास कुठे सुरू होतो

पंतोजींच्या काळात शाळा आणि शिकवणी एकच होती. धुळपाटी, पावकी-निमकी-दिडकी, आणि मोबदल्यात बहुधा धान्य. १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. पास-नापासचा शिक्का आला आणि त्या शिक्क्यापुरतं वेगळं शिकवणारा माणूस लागू लागला. पुढे १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली, बारावीच्या पीसीएमची (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित यांच्या गुणांची) बेरीज मोलाची झाली, आणि मास्तरांच्या ओसरीवरची पोरं भाड्याच्या हॉलमध्ये गेली.

गुंता खरा शब्दाचा आहे, आणि तो करखात्याने सुरू केला. १ जुलै २००३ पासून ‘व्यावसायिक कोचिंग’वर सेवाकर बसला. विद्यार्थ्याच्या घरी जाऊन एकट्याने शिकवणारा त्यातून सुटला, कारण कर संस्थेवर होता, व्यक्तीवर नव्हे. मग धर्मादाय न्यास म्हणू लागले, आम्ही नफा कमवत नाही, तर व्यावसायिक कसे? २०१० मध्ये पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या तारखेपासून लागू होणारा, खुलासा आला: मोबदला घेता ना, मग नफ्याचा हेतू असो वा नसो, व्यावसायिकच. आज क्लासवर १८ टक्के जीएसटी आहे. वर्षाला वीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्याला नोंदणी लागत नाही. घरगुती शिकवणी वाचते ती या आकड्यामुळे, व्याख्येमुळे नव्हे.

त्याच २०१० च्या एप्रिलमध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला. कलम २८ एका ओळीचं: शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये. पण कायदा पहिली ते आठवीचा. दहावी-बारावीच्या शिक्षकांसाठी सेवानियम पाहावे लागतात. मागणी मात्र तिथेच सगळ्यात जास्त, त्यामुळे बंदी नेमकी नको तिथे कडक झाली.

जानेवारी २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी आकडा आणला: पन्नासहून जास्त विद्यार्थी असतील तर कोचिंग सेंटर. आता पन्नास एका बॅचचे की सगळ्या बॅचचे मिळून? वीस-वीसच्या तीन बॅच घेणाऱ्या बाई यात येतात की नाही, हे शब्दांवरून ठरत नाही. शिवाय हा कायदा नाही. राज्याने नियम केले तरच दंडाला अर्थ. सोळा वर्षांखालच्यांना किंवा दहावीच्या परीक्षेआधी प्रवेश नको, ही अट सगळ्यात गाजली, कारण आठवी-नववीपासून प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणाऱ्या ‘फाउंडेशन’ बॅच याच वयाच्या मुलांवर उभ्या आहेत.

जागेच्या अटीची मात्र फारशी चर्चा झाली नाही. दर विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर. बारा बाय पंधरा फुटांची खोली म्हणजे १८० चौरस फूट, म्हणजे साडेसोळा चौरस मीटरच्या आसपास: सोळा मुलं. फळा, मास्तरांची जागा आणि दारातला चपलांचा ढीग वगळला तर त्याहून कमी. अशा खोलीत पंचवीस मुलं बसतात आणि कोणी मोजत नाही.

फी परतीची अट कामाची आहे. मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत. दहा महिन्यांचे ६०,००० भरले, चार महिन्यांनी सोडलं, तर ३६,००० परत. पण पावतीवर ‘प्रवेश’, ‘साहित्य’, ‘चाचणी मालिका’ असे तुकडे पाडलेले असतात आणि हिशेब फक्त उरलेल्या ‘शिकवणी शुल्का’वर केला जातो. म्हणजे शिकवणी हा जुना शब्द आता पावतीच्या एका रकान्यापुरता उरला आहे.